चोर्ला घाट आणि मुका बझर

यंदा चवथीला भाची सावईला आली आणि पावसाने चार दिवस अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. त्यात वीज सारखी जा-ये करत होती. मग आम्ही हा खेळ केला. वाकड्यातिकड्या तारेवरून कडी न्यायची, कडी टेकली की बझर वाजतो.

सामान थोडंच: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप, छोटा डीसी बझर, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, हातभर लवचिक वायर, १४ गेजची तांब्याची तार, मखराची उरलेली फळी. एलईडी गेल्या दिवाळीतल्या नरकासुराच्या डोळ्यांतला. घरातल्या प्लगला यातलं काहीही लावायचं नाही, हे पोरांना आधीच बजावा.

तारेला चोर्ला घाटासारखी वळणं द्या आणि टोकं फळीच्या भोकांत घट्ट बसवा. दोन्ही टोकांशी तीन बोटं इन्सुलेशन टेप गुंडाळा. कडीला टेकायला जागा हवी, नाहीतर बझर कोकलतच राहील. कडी रुपयाच्या नाण्याएवढी, तारेत ओवूनच मिटवायची.

बॅटरीची लाल वायर बझरच्या लाल वायरीला. बझरची काळी घाटाच्या टोकाला. बॅटरीची काळी लवचिक वायरीने कडीला. रेझिस्टर एलईडीच्या लांब पायाला जोडून ही जोडी बझरच्या लाल-काळ्यावर समांतर लावा, लांब पाय लालच्या बाजूला. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेले ७ रेझिस्टरवर पडतात, म्हणून प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रेझिस्टर नसेल तर एलईडी गेलाच म्हणून समजा.

आमचा पहिला घाट मुकाच निघाला. तासभर मी बॅटरीला शिव्या घातल्या. शेवटी भाचीने क्लिप थेट बझरला लावली. वाजला! मग एकेक जोड पुढे सरकत तपासला आणि चोर सापडला तो तारेतच. कुळागरातल्या पंपाची मोटार रिवाइंड केली तेव्हा उरलेली तार मी वापरली होती. दिसते तांब्यासारखी, पण अंगावर वॉर्निशचा थर, आणि त्यातून वीज जात नाही. पॉलिश पेपरने खरवडली तेव्हा कुठे बझर बोलला. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं तांबंही काळवंडतं, तेव्हा खेळायच्या आधी पॉलिश पेपरचा एक हात फिरवा.

भाची एकदाच टेकून घाट उतरते. माझे सात.