विंडोज ७ ला फायरवॉल कुठली?

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीचं (कॉम्प्युटरने चालणाऱ्या यंत्राचं) सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालतं, आणि त्याचे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. नव्या फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारी सॉफ्टवेअरं, बघितल्या. बऱ्याच जणींना विंडोज १० लागतं. म्हणून विंडोजच्या आतलीच ठेवली. ती बाहेरून येणारं अडवते, पण बाहेर जाणारं सोडून देते. मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये तिन्ही नेटवर्क प्रोफाइलना (डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक) आउटबाउंड, म्हणजे बाहेर जाणारं, 'ब्लॉक' केलं. फाइल शेअरिंगमुळे उघडं राहिलेलं ४४५ पोर्टही (नेटवर्कचं एक दार) बंद केलं. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता. पण सिस्टीमच जुनी, तर तिच्यातल्या पहारेकऱ्यावर किती विसंबायचं? खरा बंदोबस्त राउटरवर केला: त्या कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) टाकून इंटरनेटच तोडलं. सीएनसीचे प्रोग्रॅम आता पेनड्राइव्हने येतात, तेही दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्कॅन करूनच.