मृगाआधी लगद्याची झाडं लावताय? आधी गिऱ्हाईक बघा

उमरेड, भिवापूर, कुहीकडे बरड वावरात सध्या खड्डे खणणं सुरू आहे. निलगिरी, सुबाभूळ, बांबू यांपैकी काहीतरी लावायचा बऱ्याच जणांचा बेत आहे. बेत चुकीचा नाही. पण हा माल चार-पाच वर्षांनी विकायचा आहे आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कागद कारखाना. म्हणून रोपाच्या दराआधी कारखान्याची तब्येत बघा.

लाकडापासून लगदा करणारे आपल्या बाजूचे मोठे कारखाने बल्लारपूरला आणि तेलंगणात कागजनगरला. कागजनगरचा 2014 मध्ये बंद पडला, 2018 मध्ये नव्या मालकाने सुरू केला. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही जुनी कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कागजनगरची बंद असलेली ती चार वर्षं म्हणजे सुबाभळीची एक अख्खी तोडणी, हे लक्षात घ्या.

कागदाचा भाव जगातल्या लगद्याच्या भावासोबत वरखाली होतो. त्यात आसियान म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांतून व्यापार करारामुळे सवलतीच्या शुल्कात कागद येतो. भाव पडला की कारखाना आधी लाकडाच्या खरेदीवर हात आखडतो. 2022 च्या प्लास्टिकबंदीनंतर खोके आणि पिशव्यांचा खप वाढला म्हणून लाकूडही महागेल, असं कोणी सांगितलं तर थांबा. तो तपकिरी कागद आपल्या देशात बहुतेक रद्दीपासूनच होतो. आपलं लाकूड मुख्यतः लिहिण्या-छापण्याच्या पांढऱ्या कागदात जातं.

म्हणून सगळं वावर यात घालू नका. धुरे आणि पडीक तुकडा पुरे. काटोल-नरखेडच्या बागाईतदारांनी संत्र्याला लागून निलगिरी तर लावूच नये, ती पाणी आणि ऊन दोन्ही ओढते. सुबाभूळ लावली तर पाला बकऱ्यांना होतो, फांद्या सरपणाला. पण त्याच बकऱ्यांपासून पहिलं वर्ष रोप राखावं लागतं, कुंपणाचा खर्च आधीच धरा.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो वजनात. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. झाड पाडलं आणि ट्रक आठवडाभर आलाच नाही, तर नागपूरच्या उन्हात टनाचे पैसे वावरातच उडून जातात. दर ओल्या वजनावर की सुक्या, साल काढून की सालीसकट, तोडणी-भराई-भाडं कोणाकडे, वजन कोणत्या काट्यावर, हे सगळं कागदावर घ्या. ट्रक ठरल्याशिवाय करवत लावू नका. बल्लारपूर नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या वर आहे, कारखान्याच्या दारातला दर ऐकून हिशेब मांडू नका.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती मानवेल बांबूला. कारखान्याने नाही घेतला तर बुरूड घेतो, बांधकामवाला घेतो, मांडववाला घेतो. वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही. बाकी झाडांसाठी मात्र तोडीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. अंतर 5 बाय 4 मीटर ठेवलं तर एकरी 200 रोपं बसतात, खड्डा दोन फुटांचा. रोपांची आणि योजनांची माहिती नागपुरातच बांबू विकास मंडळात मिळेल.

तोडणी चौथ्या-पाचव्या वर्षापासून, तीही हिवाळ्यात. पावसाळ्यात कोंब येतात, तेव्हा बेटाला हात लावू नका. तीन वर्षांचे पिकलेले बांबूच काढा, कोवळे सोडा.