शब्दाचं मूळ शोधताना या चुका टाळा: ‘कॅन्डिडेट’चंच बघा

लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत हॉल तिकिटं आली की ‘कॅन्डिडेट’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. परवा एका पोराच्या वहीत समासात लिहिलेलं दिसलं: ‘कॅन्डिड म्हणजे प्रामाणिक, म्हणून कॅन्डिडेट म्हणजे प्रामाणिक माणूस.’ मोबाईलवर फिरणारी व्युत्पत्ती. ऐकायला गोड, पण चूक.

लॅटिन ‘कॅन्डिडस’ म्हणजे लख्ख पांढरा. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूने उजळवलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) नेसून मतं मागत फिरायचा, म्हणून तो ‘कॅन्डिडाटस’, पांढऱ्या कपड्यांतला. सचोटीचा संबंध नाही. उलट, उमेदवारीसाठी कपडे असे पांढरे करायला बंदी घालणारा कायदा तिथे झाला होता, असं इतिहासकार लिव्ही सांगतो. (कडक इस्त्रीचे पांढरे सदरे आपल्याकडेही निवडणुकीतच जास्त दिसतात.) ‘कॅन्डिड’सुद्धा सतराव्या शतकात इंग्रजीत आला तो आधी ‘पांढरा’ याच अर्थाने, ‘मोकळेपणाने बोलणारा’ हा अर्थ मागाहून रुळला. दोन्ही शब्द एका आईचे, पण एकाच्या पोटी दुसरा जन्मला नाही.

दुसरी चूक कानाने नातं जुळवण्याची. ‘कॅन्डल’ खरंच याच घरातली, कारण मूळ धातू (क्रियापदाचं मूळ रूप) चमकण्याचा. ‘कॅन्डी’ मात्र नाही. ती संस्कृत ‘खण्ड’वरून फारसी ‘कंद’, मग अरबी ‘कंदी’ अशी युरोपात पोचली. आपल्या गुलकंदातला कंद तोच, म्हणजे साखर. नातं सांगण्याआधी असे मधले टप्पे दाखवता येतात का ते बघा.

संस्कृत ‘चंद्र’ही त्याच चमकण्याच्या धातूतला मानतात. म्हणून लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला असं मात्र म्हणू नका. ही चुलत भावंडं.

‘उमेदवार’बद्दल आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘निजामाच्या राज्यामुळं आला की!’ शब्द फारसी खरा, ‘उमेद’ म्हणजे आशा. पण निजामाचं राज्य नव्हतं त्या कोकणातही हाच शब्द चालतो. फारसी मराठीत त्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेली आहे. शिवाय ‘उमेदवारी’चा एक अर्थ कसब शिकण्याचा काळ असाही आहे, ‘कॅन्डिडेट’ला ती छटा नाही. म्हणून भाषांतराच्या प्रश्नात ‘उमेदवारी केली’ दिसलं, की आधी पुढचं-मागचं वाक्य वाचा: निवडणूक चाललीय की शिंप्याचं दुकान?