सेमिनरीला जायचंय? आधी कमिटीच्या सेक्रेटरीचं ऐका

"आबा, माले सेमिनरीमा जानं शे." सेमिनरी म्हणजे पाळक, चर्चचे धर्मगुरू, तयार करणारं कॉलेज. पोरगं एवढं म्हणतं आणि लगेच फी विचारतं. फीचं नंतर बघू. मी रेल्वेत गार्ड होतो, पाळक नाही, त्यामुळे बायबलच्या ग्रीक-हिब्रूचं मला विचारू नका. पण आमच्या पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा, सेक्रेटरी या नात्याने शिफारसपत्राचा मसुदा मीच करतो. सही करण्याआधी आम्ही काय बघतो आणि कुठे पाठवतो, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, बारावी झाल्या झाल्या जाऊ नका. जळगावच्या आपल्या विद्यापीठातून, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून, आधी पदवी घ्या. विषय कोणताही चालेल. पदवी असली की बी.डी.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीला, बसता येतं, तो अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा. शिवाय कॉलेजची ती वर्षं मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, काम करायला मिळतात. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची बायबलची शाळा, घ्या, आजाऱ्यांच्या भेटीला पाळकांबरोबर जा, मयताला कबरस्तानात शेवटपर्यंत थांबा. देवाचं पाचारण झालंय असं प्रत्येक जण सांगतो. आम्ही बघतो ते हे, की भर मे महिन्यात भुसावळच्या उन्हात म्हातारीच्या घरी प्रार्थनेला कोण गेलं होतं.

आता सेमिनरी कोणती, तर माझं मत स्पष्ट आहे: अनेक पंथांची पोरं एकत्र शिकतात अशी. एक्युमेनिकल म्हणतात ती. कारण आपल्याच इतिहासात आहे. मिशन सोसायट्यांनी आपसांत मुलूख वाटून घेतला होता, एकाच्या कामात दुसऱ्याने पडायचं नाही. भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आली, धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. रेल्वेच्या साहेबलोकांबरोबर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, उपासना आली ती वेगळीच. म्हणजे तुमच्या आजाने चार पंथ पारखून एक निवडला असं काही झालेलं नाही. गाव ज्याच्या वाट्याला आलं, त्याचा पंथ आजाला मिळाला. आता बदल्या आणि सोयरिकी होऊन हे सगळे एकाच बाकावर बसतात. नवरा बाळपणी बाप्तिस्मा झालेला, बायको मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेली, आणि पाळण्यातल्या लेकराचं काय करायचं म्हणून दोन्हीकडची आजी-आजोबा हटून बसलेली. अशा घरात जाऊन बोलणारा पाळक आम्हाला हवा.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने हा प्रश्न अंगावर घेतला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन ते चर्च झालं. त्यांत बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे मोठेपणीच देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, म्हणून बाळाचा आणि विश्वास कबूल केलेल्या मोठ्या माणसाचा, असे दोन्ही बाप्तिस्मे तिथे मान्य आहेत. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसने १९८२ मध्ये लिमा शहरातून बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवा (म्हणजे पाळकपद) यांवर एक मसुदा काढला. तो जायच्या आधी वाचा. तीनही विषयांवर भांडणं आपल्याच पडवीत होतात, त्यामुळे वाचायला जड जाणार नाही.

पदवीची मान्यता नीट विचारून घ्या. बहुतेक जुनी कॉलेजं सेरामपूरच्या सेनेटला संलग्न असतात. हे नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कोलकात्याजवळचं, हुगळीकाठचं. तिथलं कॉलेज कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलं. गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं, म्हणून पदवी देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली. १९१८ च्या बंगालच्या कायद्याने सेनेट झालं. तुम्हाला तिकडे जावं लागत नाही, शिक्षण तुमच्या कॉलेजात आणि पदवी सेनेटची. गल्लीबोळात 'डॉक्टरेट' देणाऱ्या संस्था बऱ्याच झाल्यात, त्यांच्या माहितीपत्रकावर मी चहाचा कप ठेवतो.

जवळचं म्हणजे पुणं. तिथे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरीही आहे, ती पूर्वी यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. अलायन्सच्या घरातल्या पोरांना तिथे परकं वाटत नाही. जबलपूरचं लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज हिंदी पट्ट्यातलं, आणि भुसावळहून गाडी सरळ जाते. इंग्रजी पक्कं असेल तर बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, १९१० सालचं, अनेक मिशनांनी मिळून काढलेलं. कर्नाटक एक्सप्रेस भुसावळलाच थांबते. नोकरी सोडता येत नसेल तर सेरामपूरचेच घरबसल्या करायचे ख्रिस्ती अभ्यासाचे कोर्स आहेत. त्याने पाळक होता येत नाही, पण शब्बाथ शाळा चालवणाऱ्याला उपयोगी आहेत.

ग्रीकला घाबरू नका. शाळेत ज्याने 'स ला ते' घोकलंय त्याला नामाच्या विभक्त्या नव्या नसतात, असं आमचे पाळक सांगतात. मुळाक्षरं जायच्या आधी गिरवून ठेवा. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, एवढं मलाही ठाऊक आहे.

खरी अडचण परत आल्यावर येते. पोरगं चार वर्षं इंग्रजीत निबंध लिहितं आणि नवापूरकडच्या पाड्यावर उभं राहिलं की त्याला शब्द सापडत नाहीत. समोर बसलेल्यांची बोली मावची, सातपुड्यात पावरी, धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरला लेवा बोली. म्हणून दर महिन्याला एक संदेश घरच्या बोलीत लिहून काढा आणि सुट्टीत तो आजीसमोर बोला. आजीने मध्येच चूल बघायला उठू नये, एवढी परीक्षा पुरे. दुसरं असं की सेमिनरीच्या वेळापत्रकात ऊसतोड नसते. दिवाळीनंतर नंदुरबारकडची निम्मी मंडळी गुजरातच्या कारखान्यांवर जाते आणि नाताळ उसाच्या फडात होतो. फिल्डवर्कसाठी गाव निवडायला मिळालं तर तसा एखादा तळ मागून घ्या. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटलही चांगलं, रोग्याच्या खाटेशेजारी गप्प बसायला शिकता येतं.

मुलींनी अर्ज करायला कचरू नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते. कमिटीत कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, ठराव मतांनी होतो.

आता फी. मंडळीने आणि डायोसीजने, म्हणजे बिशपच्या प्रांताने, पाठवलेला उमेदवार वेगळा, स्वतःच्या खर्चाने गेलेला वेगळा. पहिल्याला मदत मिळते, पण परत येऊन किती वर्षं सेवा करायची आणि बदली कुठे होणार, हे आधीच लेखी विचारा. दुसऱ्याला पदवी मिळते, पण सेवेला मंडळी मिळेलच असं नाही. कर्ज काढून जाऊ नका. पाळकाच्या पगारातून हप्ते फेडणं मी जवळून पाहिलंय. शिकून आल्यावरही लगेच पाळकाचा झगा अंगावर येत नाही. आधी परिवीक्षा, मग डीकन म्हणजे पहिली पायरी, मग प्रेस्बिटर म्हणजे पूर्ण पाळक.

कागदांत अडतं ते नाव. शाळेच्या दाखल्यावर 'सुनील', बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'सॅम्युएल', आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. प्रतिज्ञापत्र आणि गॅझेट आत्ताच करून घ्या, त्याला महिने जातात. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, गुणपत्रिका, डॉक्टरचा दाखला आणि पाचारणाबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलेलं पानभर एवढं सोबत लावा. ते पान इंटरनेटवरून उतरवलेलं असलं की मला कळतं; सगळ्यांना एकाच रात्री एकच स्वप्न पडलेलं असतं.

कमिटीचा ठराव झाल्यावर अर्ज डायोसीजकडे जातो, तिथे मुलाखत होते, आणि प्रवेश परीक्षेचे फॉर्म बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याच्या आधी भरायचे असतात. म्हणून आमच्याकडे ऑक्टोबरच्या बैठकीत अर्ज द्या. डिसेंबरात कॅरोलच्या फेऱ्या सुरू झाल्या की कोणाला बोलायला वेळ नसतो. अर्ज मराठीत चालेल. रविवारी उपासनेनंतर मी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, असतो. येताना झेरॉक्सबरोबर मूळ कागदही आणा.