जी केस उभीच राहिली नाही, तिचे कागद शोधताना

टेक्सासला क्रिमिनल जस्टिसमध्ये मास्टर्ससाठी आले, त्याआधी चार वर्षं मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून काम करत होते. चार्जशीट, पंचनामे, पीएम रिपोर्ट रोज हाताखालून जायचे. तरीही स्वसंरक्षणासाठी झाडलेल्या गोळ्यांवरच्या माझ्या प्रबंधासाठी पहिला शवविच्छेदन अहवाल हातात आला तेव्हा मी तो चुकीचा वाचला. 'मृत्यूचा प्रकार' या रकान्यात एकच शब्द होता, होमिसाइड. मी त्याचा अर्थ खून असा लावला आणि स्वसंरक्षणाच्या यादीतून ती केस काढून टाकली. अशा अकरा केसेस काढल्यानंतर गाईडने मला थांबवलं. मेडिकल एक्झामिनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा सरकारी डॉक्टर, त्याच्या लेखी होमिसाइड म्हणजे दुसऱ्या माणसाच्या हातून आलेला मृत्यू, बस्स. घरात शिरलेल्यावर मालकाने झाडलेली गोळी, पोलिसाची गोळी आणि ठरवून केलेला खून या तिन्हींना त्या रकान्यात तोच शब्द लागतो. दोष कोणाचा, हे ठरवणं त्या टेबलाचं काम नाही. अकराही केसेस मी परत यादीत घेतल्या.

परवाना काढून कपड्यांखाली हँडगन बाळगणारे लोक स्वसंरक्षणासाठी गोळी झाडतात, त्याच्या नोंदी कुठे सापडतात आणि त्या किती भरवशाच्या असतात, हा माझा विषय. आपल्याकडून इथे शिकायला येणारी मुलं-मुली आता या विषयाकडे वळायला लागली आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "डेटा कुठून डाउनलोड करायचा?" असा डेटा कुठेच तयार ठेवलेला नाही. तो एकेका कार्यालयातून अर्ज करून गोळा करावा लागतो. सहा महिन्यांत प्रबंध उरकायचा असेल तर दुसरा विषय घ्या, असं मी मनापासून सांगते. पण हाच घ्यायचा असेल, तर पुढचं वाचा.

टेक्सासमध्ये लपवून हँडगन बाळगण्याचा परवाना देणारा कायदा 1995 साली झाला आणि 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. 2016 पासून परवानाधारकाला कमरेला उघड दिसेल अशी बंदूकही लावता येऊ लागली आणि परवान्याचं नाव 'लायसन्स टू कॅरी' झालं. 1 सप्टेंबर 2021 पासून तर 21 वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायच हँडगन बाळगायची मुभा मिळाली. त्या सुमारास राज्यात 15 लाखांहून जास्त परवानाधारक होते. अभ्यासाचा कालखंड ठरवताना ही शेवटची तारीख विसरू नका. त्यानंतर 'परवानाधारक' या शब्दाचा अर्थच सैल झाला. माझ्या गाईडचं म्हणणं होतं, अभ्यास ऑगस्ट 2021 ला थांबव, आणि ते बरोबर होतं.

आता मुख्य अडचण. ती नीट समजायला मला माझ्या वकिलीचाच उपयोग झाला. आपल्याकडे कोणी गोळी झाडून माणूस मेला तर एफआयआर होतो, अटक होते, चार्जशीट जाते आणि खासगी बचावाचा हक्क बहुतेक वेळा खटल्यातच मांडावा लागतो. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं 96 ते 106, आता भारतीय न्याय संहितेची 34 ते 44. म्हणजे बचावाचा दावा खरा असो की खोटा, तो तपासताना कागद वाढत जातो. साक्षी, उलटतपासणी, बॅलिस्टिक रिपोर्ट, निकालपत्र, सगळं फायलीत येतं.

टेक्सासमध्ये नेमकं उलट घडतं. दावा पटला की कागद तिथेच संपतो. पोलीस घटनास्थळी जातात, जबाब घेतात, प्रकरण डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे, जातं आणि तिथून अनेकदा ग्रँड ज्युरीसमोर. 12 नागरिकांपैकी 9 जणांना आरोप ठेवण्याजोगा वाटला तरच आरोपपत्र निघतं, नाहीतर 'नो बिल', म्हणजे आरोपच नाही. ग्रँड ज्युरीचं कामकाज कायद्याने गुप्त असतं. त्यांना काय पटलं, कोणता साक्षीदार विश्वासार्ह वाटला, यातलं काहीही तुमच्या हाती लागत नाही. हातात एक तारीख येते आणि ते दोन शब्द.

त्यात राज्याच्या माहिती कायद्यातलं, म्हणजे गव्हर्नमेंट कोडच्या 552 व्या प्रकरणातलं, एक कलम आडवं येतं. 552.108 म्हणतं की ज्या तपासाचा शेवट शिक्षेत किंवा पुढे ढकललेल्या निकालात (आरोपीला देखरेखीखाली ठेवून दोषनिश्चिती लांबवणं) झाला नाही, त्याचे कागद पोलीस रोखून धरू शकतात. नुसताच संशय घेतलेल्या निर्दोष माणसाचं नाव चव्हाट्यावर येऊ नये, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. पण आमच्या विषयाला हे कलम किती जड जातं बघा. खऱ्या स्वसंरक्षणाच्या घटनेत शिक्षा होतच नाही. म्हणजे गोळी झाडणारा जितका निर्विवाद बरोबर, तितकी त्याची फाइल बंद. ज्याचा दावा खोटा ठरला आणि ज्याला शिक्षा झाली, त्याचं सगळं वाचायला मिळतं. हे ध्यानात न घेता हाती आले तेवढे कागद मोजले, तर परवानाधारक म्हणजे गुन्हेगारच असं चित्र उभं राहतं. उलट नुसत्या बातम्या मोजल्या तर प्रत्येक जण शूरवीर दिसतो, कारण बातमी पहिल्या दिवशीची असते आणि पहिल्या दिवशी बोलायला जिवंत राहिलेला माणूस एकटाच असतो.

तरीही थोडं काही मिळतंच. घटनेची प्राथमिक माहिती मागणाऱ्याला पोलिसांना द्यावीच लागते. ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्राने शहराविरुद्ध लढवलेल्या खटल्याच्या 1975 च्या निकालापासून हा हक्क पक्का आहे. अर्जात 'बेसिक इन्फर्मेशन' हे शब्द लिहाच. शवविच्छेदनाचा अहवालही मिळतो, फोटो वगळून. राज्यात 254 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि मेडिकल एक्झामिनरचं कार्यालय थोड्याच मोठ्या काउंट्यांत आहे. इतर ठिकाणी हे काम जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक कनिष्ठ न्यायाधीश, करतो, म्हणून लहान काउंटीत अर्ज त्याच्याकडे करायचा.

आणि 911 च्या, म्हणजे आणीबाणीच्या नंबरवर आलेल्या, कॉलची नोंद मागायला विसरू नका. मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त शिकवलं ते या नोंदींनी. फोन घेणारी व्यक्ती ऐकता ऐकता टाइप करत असते, मिनिट-सेकंदांसह तुटक ओळी पडत जातात. एका पार्किंग लॉटमधल्या रात्रीच्या घटनेची नोंद माझ्यापुढे होती. पहिली ओळ: पुरुष कॉलर, म्हणतो मी एकाला गोळी मारली. वीस सेकंदांनी: बंदूक गाडीच्या टपावर ठेवली आहे म्हणतो. मग: लायसन्स आहे म्हणतो. मग: जखमी श्वास घेतोय का विचारलं, कॉलर रडतोय. मग: कॉलर टी-शर्टने जखम दाबतोय. पुढे अँब्युलन्स पोहोचल्याची वेळ. बातमीत ही घटना दोन ओळींत संपली होती.

'लायसन्स आहे म्हणतो' ही ओळ माझ्यासाठी सोन्यासारखी होती, कारण गोळी झाडणाऱ्याकडे परवाना होता की नाही हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. परवानाधारकांची नावं टेक्सासमध्ये गोपनीय आहेत. पूर्वी एखाद्याचं नाव देऊन लेखी विचारलं तर परवाने देणाऱ्या खात्याकडून उत्तर मिळायचं, 2007 पासून तेही बंद झालं. इतर राज्यांतही दारं मिटत गेली आहेत. डिसेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या द जर्नल न्यूज या वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड काउंट्यांतल्या हँडगन परवानाधारकांची नावं-पत्ते नकाशावर टाकले, प्रचंड गदारोळ झाला आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या कायद्याने तिथल्या परवानाधारकांना नाव गुप्त ठेवायला सांगायची सोय दिली. मला स्वतःला तो नकाशा चूक वाटतो. अभ्यासाला नाव लागत नाही, 'होता' किंवा 'नव्हता' एवढंच लागतं, आणि तेवढा रकाना पोलिसांच्या फॉर्मात असायला हवा अशी माझी फार इच्छा आहे.

परवाना होता हे कळलं तरी तो त्या क्षणी लागत होता का, हा पुढचा प्रश्न. स्वतःच्या घरात बंदूक ठेवायला टेक्सासमध्ये परवाना लागत नव्हताच. 2007 पासून स्वतःच्या गाडीतही लागेनासा झाला. मग परवानाधारकाने स्वयंपाकघरात शिरलेल्यावर गोळी झाडली, तर ती घटना तुमच्या अभ्यासात येते का? मी दोन वेगळे रकाने केले, एक माणसाकडे परवाना असल्याचा आणि एक जागेला परवाना लागत असल्याचा. तुम्ही काहीही ठरवा, पण पहिली केस नोंदवायच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा. अर्ध्यावर व्याख्या बदलली की आधीचं सगळं परत वाचावं लागतं.

तयार आकडे नाहीत का? आहेत, पण ते वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देतात. राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं दरवर्षी परवानाधारकांना झालेल्या शिक्षांचा अहवाल काढतं. त्यात शिक्षा मोजल्या आहेत, योग्य ठरलेले गोळीबार नाहीत. एफबीआय खासगी नागरिकांच्या हातून झालेल्या समर्थनीय हत्या मोजते, 2010 च्या दशकात दरवर्षी साधारण अडीचशे ते चारशे. पण त्यात परवान्याचा उल्लेख नाही, जखमी होऊन वाचलेले नाहीत, आणि पोलिसांनी सुरुवातीला लावलेला शेरा कोर्टाच्या निकालानंतर बहुधा कोणी दुरुस्त करत नाही. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या गुन्हेशास्त्रज्ञांनी सुमारे पाच हजार लोकांना फोन करून 1995 साली मांडलेला आकडा वर्षाला बंदुकीच्या जोरावर केलेल्या 25 लाख बचावांचा होता, तर सरकारच्या गुन्हेपीडितांच्या सर्वेक्षणातून येणारा आकडा साधारण एक लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहत आला आहे. यांतला एक आकडा उचलून प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. टाकू नका. त्या सर्वेक्षणांत नुसती बंदूक दाखवून समोरचा पळाला तेही येतं. तुम्ही गोळीबाराच्या नोंदी शोधताय, आणि ज्या प्रसंगात गोळी सुटलीच नाही तो बहुतेकदा कुठल्याच कागदावर येत नाही.

अर्जाबद्दल थोडं. आपल्या माहिती अधिकारात 30 दिवसांची मुदत असते. इथे माहिती लवकरात लवकर द्यायची असते, आणि ती रोखायची असेल तर कार्यालयाला कामकाजाच्या 10 दिवसांत राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे मत मागावं लागतं. तिथे 45 कामकाजी दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. या काळात अर्जदाराला आपलं म्हणणं लेखी पाठवता येतं, ते जरूर पाठवा, एका पानात, ठाम आणि नम्र भाषेत. साध्या प्रतीला पानामागे 10 सेंट पडतात, शोधाशोध मोठी असेल तर ताशी 15 डॉलर मजुरी. खर्च 40 डॉलरच्या वर जाणार असेल तर कार्यालय आधी अंदाजपत्रक पाठवतं आणि त्याला 10 कामकाजी दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. एका मध्यम आकाराच्या शहराचं अंदाजपत्रक मेलमध्ये स्पॅममध्ये जाऊन पडलं आणि चार वर्षांच्या नोंदींचा माझा अर्ज निकालात निघाला. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या मुदती मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते.

रेकॉर्ड्स विभागातल्या माणसांशी फोनवर बोला. "गोळीबाराच्या सगळ्या फायली द्या" असं मागितलं की बिल शेकड्यांत जातं. तारखा, प्रकरण क्रमांक आणि नेमके कागद सांगितले की त्याच बाई म्हणतात, "हे तर दहा मिनिटांचं काम आहे."

विद्यार्थी व्हिसावर असाल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मित्र म्हणतील, विषय एवढा बंदुकीचा आहे तर एकदा नेमबाजीच्या रेंजवर चल, चालवून बघ. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगरस्थलांतरित व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही यातून सुटत नाही. मी दोन वर्षं या विषयात बुडालेले होते, पण बंदुकीला हात लावला नाही, आणि त्यामुळे कामात काही कमी पडलं नाही. संशोधनासाठी गोळी झाडणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर मात्र विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. सार्वजनिक कागद वाचणं आणि त्या माणसाच्या दारात जाणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

शेवटची अडचण मला कोणी सांगितली नव्हती. टेक्सासमध्ये ज्याला अटक झाली पण पुढे आरोप टिकले नाहीत, तो न्यायालयात जाऊन आपली नोंद पुसून घेऊ शकतो. आदेश निघाला की पोलीस, सरकारी वकिलांचं कार्यालय, न्यायालय, सगळ्यांकडची फाइल जाते. मागच्या वर्षी मी एका जुन्या केसची प्रत ताडून बघायला क्लार्कला फोन केला, तर उत्तर आलं, अशी कोणतीही नोंद आमच्याकडे नाही. नंबर बरोबर होता. तीच पार्किंग लॉटची केस.

माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं होतं, नाव, पत्ता, जन्मतारीख, त्या 911 कॉलच्या ओळी. तो कायदा सरकारी कार्यालयांसाठी आहे, मला कोणी विचारणारं नव्हतं. मी त्या संध्याकाळी गाईडशी बोलले आणि नाव, पत्ता, जन्मतारीख, गाडीचा नंबर, गोळी लागलेल्या मुलाचंही नाव, सगळं कायमचं पुसून टाकलं. केसला 73 हा आकडा दिला. वर्ष, जागेचा प्रकार, परवाना होता, ग्रँड ज्युरी नो बिल, जखमीचा दुसऱ्या दिवशी मृत्यू, एवढं ठेवलं. मग बाकीच्या सगळ्या केसेसची नावंही त्याच रात्री काढली.