पावसाळ्यात होमस्टे बंद करताय? एसी झाकू नका, धुवा

मेअखेरीस शेवटचे पाहुणे गाडीत बसले की आमच्याकडे आवराआवर सुरू होते. गाद्या, चादरी, भांडी यांचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक असणार. मी फक्त विजेवर चालणाऱ्या वस्तूंचं बोलतो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे त्यांनीच खाल्लेत. दापोली तालुक्यात, वाळूपासून दीडशे पावलांवर आमच्या चार खोल्या आहेत आणि चार एसी. डोंगरावरच्या बंगल्याला यातलं निम्मं लागू नाही.

सोपं आधी उरकू. फ्रिज रिकामा करा, बर्फ वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी ओता, पुसून कोरडा करा आणि दारात नारळाचं सोडण अडकवून ठेवा. दार घट्ट लावून गेलात तर गणपतीला आत बुरशी. वॉशिंग मशीनचा नळ बंद, झाकण उघडं. गीझरमधलं पाणी काढून टाका. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो स्वतः झिजून टाकीला वाचवतो. मचूळ, म्हणजे किंचित खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो, म्हणून दर वर्षी काढून बघा. टीव्ही, मिक्सर, किटली जुन्या सुती धोतरात किंवा चादरीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. सगळे प्लग काढा, नुसती बटणं बंद करून विजांचा कडकडाट थांबत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा, ती पूर्ण चार्ज करा, मग वायरी सोडवून टर्मिनलना व्हॅसलीन लावा. अर्धवट चार्ज झालेली बॅटरी चार महिने पडून राहिली की मरते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची अशीच अर्धी होती, आणि नंतर कित्येक दिवस वीजच नव्हती. ती बॅटरी पुन्हा उभी राहिली नाही.

आता एसीचं आउटडोअर, म्हणजे घराबाहेर बसवलेलं युनिट. इथे मी दोनदा तोंडावर पडलोय.

पहिल्या वर्षी मी चारही आउटडोअर निळ्या ताडपत्रीत गुंडाळले, सुतळीने करकचून बांधले आणि शहाण्यासारखा पुण्याला गेलो. गणपतीच्या आधी येऊन सोडले, तर समुद्राकडच्या दोघांची जाळी, म्हणजे पातळ धातूच्या पात्यांची रांग, बोट लावताच रांगोळीसारखी झडली. एकातला गॅस गेलेला. मेकॅनिकने ताडपत्री हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "भाऊ, बरणीत मीठ घालून वर दादरा बांधलात. लोणचंच होणार."

त्याचं अगदी बरोबर होतं. उन्हाळाभर खारं वारं जाळीत मीठ भरत असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा त्याच्या खाली फारशी उतरत नाही. म्हणजे पावसाचा थेंब न लागताही जाळी खाऱ्या पाण्यात बुडालेली राहते. त्यात गॅसची नळी तांब्याची आणि जाळीच्या पात्या अॅल्युमिनियमच्या. दोन धातूंमध्ये खारं पाणी आलं की बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ताडपत्रीने मी ती ओल आतच कोंडली होती.

दुसऱ्या वर्षी धुवायला गेलो ते गाडी धुवायचं प्रेशर मशीन घेऊन. पात्या अशा आडव्या झोपल्या की त्यातून हवा जाईना. शिवाय पाणी वापरलं विहिरीचं. मेमध्ये पाहुण्यांच्या आंघोळींनी उपसा वाढून आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, हे माहीत असून मी मिठाने मीठ धुतलं!

आता मी असं करतो. मेन स्विच बंद करून दहा मिनिटं थांबतो, कारण इन्व्हर्टर एसीच्या बोर्डात थोडा वेळ वीज साठून राहते. मऊ ब्रशने जाळीवरची धूळ आणि जाळं वरून खाली झाडतो. पात्या उभ्या असतात, ब्रशही उभाच फिरवायचा. मग बागेच्या साध्या नळीने, तोंडावर अंगठा न दाबता, गोडं पाणी वरून खाली सोडायचं. बाजूच्या ज्या झाकणाखाली वायरी जातात तिकडे पाण्याची धार जाऊ द्यायची नाही. एका आउटडोअरला दहा मिनिटं तरी द्या. घाईत वरवर भिजवलं तर मीठ आणखी आत जातं. पंख्याची जाळी काढून आतूनही धुतलं तर उत्तम, पण ते मेकॅनिककडून करून घ्या. अॅसिड किंवा फिनेल कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

धुतल्यावर सगळं नीट वाळू द्या आणि त्याच संध्याकाळी जाळीच्या कडेवर बोट फिरवा. चिकट लागलं तर मीठ अजून आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवा. स्वच्छ लागलं तर एसी कूलिंगवर वीस मिनिटं आणि नंतर नुसत्या पंख्यावर तासभर चालवा, म्हणजे आतलं युनिटही कोरडं होतं.

आणि त्यावर काही घालू नका. शेजारचे काका दर वर्षी विचारतात, "अरे, भिजेल ना?" भिजू दे की, ते भिजण्यासाठीच बनवलंय. उलट आमच्याकडे छज्जाखालचे आउटडोअर आधी गेले आणि उघड्यावरचा एक अजून चालतोय, कारण पाऊस त्याला फुकट धुतो. छज्जाखाली मीठ पोचतं, पाऊस पोचत नाही. तिथला असेल तर पावसाळ्यात एकदा तरी कुणाला तरी नळीने धुवायला सांगा. माडाखाली मात्र लावू नका. नारळ पडला तर पाऊस बरा होता असं वाटेल.

नवा घेताना तांब्याची कॉइल आणि निळ्या कोटिंगच्या पात्या बघा. कोटिंग आहे म्हणून धुणं सुटत नाही.

गणपतीला परतलात की लगेच मेन चालू करू नका. आधी टॉर्च घेऊन आउटडोअरच्या वायरी जातात तिथे बघा. उबेला पाली आत शिरतात आणि बोर्डावर मरून पडतात. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन निघाल्या, एकीची शेपटी अजून टर्मिनलला चिकटलेली होती. मेकॅनिकला बोलावून त्या काढा, पाइपाभोवतीचं भोक पुटीने बुजवा, मग एकेक एमसीबी वर करा.