राज्यशास्त्राच्या पीएच.डी.ची ऑफर: वाट कशी पाहावी, निवड कशी करावी

अमेरिकेतल्या विभागांना डिसेंबरात अर्ज पाठवून झाले असतील, तर एव्हाना तुमच्याकडे सल्ल्यांचा ढीग जमला असेल. ‘रोज पोर्टल बघ’, ‘समितीला मेल टाक’, ‘मिळेल त्यातलं सगळ्यात मोठं नाव घे’. मी स्वतः दोन वेगवेगळ्या वर्षी हे अर्ज केले, आणि गेली बारा वर्षं दर मार्चमध्ये कुणा ना कुणाची ऑफरची पत्रं समोर ठेवून त्यांच्यासोबत बसते. या तीन सल्ल्यांनी झालेलं नुकसान मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता गप्प बसवत नाही.

जानेवारी

शिफारसपत्रं पोचली की नाही ते पाहा, पोर्टलचे पासवर्ड एका जागी लिहून ठेवा, स्पॅम फोल्डर तपासत राहा. मेल शोधताना ‘पॉलिटिकल सायन्स’ एवढंच शोधू नका. हार्वर्ड, कॉर्नेल, जॉर्जटाउन इथे विभागाचं नाव ‘गव्हर्नमेंट’ आहे. प्रिन्स्टन आणि न्यूयॉर्क विद्यापीठात ‘पॉलिटिक्स’. या महिन्यात याहून जास्त काही करण्यासारखं नसतं.

फेब्रुवारी: शांततेचा अर्थ लावू नका

होकार साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत येतात. नकार बऱ्याचदा त्यानंतर, कधी कधी खूपच उशिरा. काही विभाग व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेतात, पुष्कळसे घेत नाहीत.

तुम्ही अर्ज केला त्याच विभागात अर्ज केलेल्या मैत्रिणीला होकार आला आणि तुम्हाला काहीच आलं नाही, म्हणून धीर सोडू नका. प्रवेश समित्या उपशाखांचा तोल सांभाळतात: अमेरिकन राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, संशोधनपद्धती. आंतरराष्ट्रीय संबंधांवाल्यांना पत्रं गेली म्हणून सिद्धांतवाल्यांचा निकाल लागला असं होत नाही. शिवाय बरेच विभाग वेटलिस्ट ठेवतात, आणि त्या यादीत नाव असल्याचं लगेच कळवतातच असं नाही.

समितीला मेल करण्याची कारणं माझ्या मते दोनच. एक, अर्जानंतर खरोखर नवं काही घडलं आहे, जसं की लेख प्रकाशनासाठी स्वीकारला गेला. दोन, हातात दुसरी ऑफर आहे आणि तिची तारीख जवळ आली आहे. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ एवढंच विचारणारा मेल पाठवू नका. त्याने निकाल लवकर लागत नाही.

एक धोक्याची जागा इथेच सांगते. पीएच.डी.ला नाही म्हणून काही विद्यापीठं त्याच अर्जावर मास्टर्सची ऑफर देतात, बहुतेक वेळा फी भरून. चार नकार पचवलेल्या माणसाला ते पत्र सुटका वाटतं. त्या आठवड्यात सही करू नका. तो वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याचा खर्च वेगळा आहे, आणि पुढच्या वर्षी पीएच.डी.चा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार आहे. संशोधनपद्धतीचं शिक्षण अगदीच तोकडं असेल आणि कर्ज न काढता पैसे उभे राहत असतील, तरच मी त्याला हो म्हणते.

ऑफर आली की

त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवा. ‘हो’ म्हणू नका आणि ‘माझी पहिली पसंती तुम्हीच’ असंही लिहू नका. मग आर्थिक मदतीचं पत्र छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? उन्हाळ्यातले पैसे लिखित आहेत की ‘साधारणपणे मिळतात’? शिकवणी-फी माफ असली तरी विद्यार्थ्याने भरायच्या इतर फिया कोण भरणार? आरोग्य विमा कोणाच्या खर्चाने? किती वर्षं शिकवण्याचं काम आणि किती वर्षं निव्वळ फेलोशिप? पाच वर्षांची हमी नेहमीची आहे. पण राज्यशास्त्रात सहावं वर्ष लागणं हा अपवाद नाही, म्हणून सहाव्या वर्षाचं काय ते आत्ताच विचारा.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठातलं काम आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त करता येत नाही, त्यामुळे ‘कमी पडलं तर काहीतरी करू’ हा हिशेब चालत नाही. काम न करता मिळणाऱ्या फेलोशिपच्या रकमेतून, दोन देशांमधल्या कर-करारानुसार सूट नसेल तर, परदेशी विद्यार्थ्याचा १४ टक्के कर आधीच कापला जातो. ऑफरची तुलना करताना हातात येणारी रक्कम वजा त्या शहरातलं घरभाडं, हाच आकडा धरा. पत्रावरचा मोठा आकडा महागड्या शहरात पहिल्या सहा महिन्यांत विरघळतो.

तोलणं: खरी कसोटी इथे आहे

इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका माणसासाठी विभाग निवडला. त्यांचं काम मी वर्षानुवर्षं वाचत होते, त्यांनी फोनवर माझ्याशी तासभर बोलून माझ्या विषयाला दाद दिली, आणि दुसऱ्या ऑफरचा मी नीट विचारही केला नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ते दुसऱ्या विद्यापीठात गेले. त्यात त्यांची चूक नव्हती. प्राध्यापक जागा बदलतात, रजेवर जातात, निवृत्त होतात, डीन होतात. पण विभागात माझ्या विषयाचं दुसरं कुणीच उरलं नाही. संशोधनाचा आराखडा मांडायच्या वर्षात मी दोन सत्रं केवळ गाईड शोधण्यात आणि विषय वळवण्यात घालवली. ती दोन सत्रं मला परत मिळाली नाहीत.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: ज्या विभागात तुमच्या प्रबंधाची समिती होऊ शकतील अशी तीन नावं तुम्हाला लिहिता येत नाहीत, तो विभाग निवडू नका. तीनपैकी किमान एक जण वरिष्ठ आणि किमान एक जण सध्या भरपूर लिहिणारा असावा. नावं लिहिल्यावर त्यातलं सर्वांत आवडतं नाव खोडा आणि स्वतःला विचारा, तरीही मी इथे जाईन का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तुम्ही विभाग निवडत नसून एक माणूस निवडत आहात. बहुतेकांचा विषय पीएच.डी.च्या दरम्यानची पात्रता परीक्षा होईपर्यंत बदलतो, हेही लक्षात घ्या. अर्जातल्या निबंधात जो प्रश्न लिहिला, त्यावरच प्रबंध होईल असं मानून गाईड ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

दुसरी गोष्ट, विभागाच्या संकेतस्थळावरचं प्लेसमेंटचं पान. ते सगळेच वाचतात आणि जवळजवळ सगळेच चुकीचं वाचतात. त्या पानावर नोकरी लागलेल्यांची नावं असतात. सोडून गेलेल्यांची नसतात. म्हणून आधी छेद शोधा, म्हणजे एकूण किती जण घेतले होते ते. वर्षाला दहा जण घेणाऱ्या विभागाच्या पानावर पाच वर्षांची मिळून पंधरा नावं असतील, तर उरलेले पस्तीस कुठे आहेत? काही अजून लिहीत असतील, काही राजीखुशीने दुसऱ्या क्षेत्रात गेले असतील, काही निराश होऊन गेले असतील. विद्यार्थी-प्रवेशाचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना हे सरळ विचारा. ज्या विभागाचं बरं चाललं आहे तो आकडे देतो. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

मग ती नावं तुमच्या उपशाखेपुरती गाळा. अमेरिकन राजकारणात उत्तम नोकऱ्या मिळवून देणारा विभाग राजकीय सिद्धांतात वर्षानुवर्षं एकही जागा मिळवू शकलेला नसतो. टेन्युअर-ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणारी प्राध्यापकाची जागा), पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा) आणि वर्षभराची हंगामी जागा वेगवेगळ्या मोजा. प्रत्येकाचा गाईड कोण होता तेही पाहा. सगळी चांगली नावं एकाच गाईडची असतील, तर ते यश विभागाचं नाही.

तिसरी गोष्ट, क्रमवारी. यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाची राज्यशास्त्राची क्रमवारी विभागप्रमुख आणि अभ्यासक्रमांचे संचालक यांनी एकमेकांच्या विभागांना एक ते पाचमध्ये दिलेल्या गुणांवर उभी आहे. स्टायपेंड, पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, नोकऱ्या यांतलं काहीही त्यात मोजलेलं नाही. नोकरी देणाऱ्या समित्यांवर नावाचा प्रभाव पडतो हे खरं, म्हणून पाचवा आणि पन्नासावा यांतला फरक मी नाकारत नाही. पण अकराव्या आणि सतराव्या क्रमांकात घुटमळत बसलेल्या मुलांना मी ती यादी मिटायला लावते.

त्याऐवजी विभागाची घडण पाहा. रॉचेस्टर विद्यापीठात विल्यम रायकर या राज्यशास्त्रज्ञांनी गणिती प्रतिमानांवर आधारलेल्या राजकीय सिद्धांताची परंपरा उभी केली, आणि त्या विभागाची ओळख आजही तीच आहे. मिशिगनला सर्वेक्षण-संशोधनाचा मोठा वारसा आहे. अभिलेखागारांत बसून दस्तऐवज वाचणाऱ्या किंवा क्षेत्रभेटींवर काम करणाऱ्या माणसाने पहिल्या दोन वर्षांत कोणते पद्धतींचे पेपर सक्तीचे आहेत ते वाचल्याशिवाय कुठेच होकार देऊ नये. थोडी उणीव उन्हाळ्यात भरून निघते: मिशिगनमधल्या आयसीपीएसआर या सामाजिक संशोधनाच्या संस्थेचे संख्यात्मक पद्धतींचे वर्ग आणि सिराक्यूजमधली गुणात्मक पद्धतींची कार्यशाळा इतर विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनाही खुली असतात. पण रोज ज्यांच्यात बसायचं ते तुमच्या पद्धतीला संशोधनच मानत नसतील, तर दोन आठवड्यांच्या वर्गाने ते भरून येत नाही.

मार्चमधल्या भेटीच्या दिवशी, किंवा प्रवास जमला नाही तर व्हिडिओ कॉलवर, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी जास्त वेळ बोलू नका. ते अजून नव्या नवलाईत असतात. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षाचे विद्यार्थी शोधा आणि एकेकट्याने गाठा. प्राध्यापक खोलीत असताना कुणी खरं बोलत नाही. ‘इथलं वातावरण कसं आहे’ हा प्रश्न वाया जातो. असं विचारा: तुमच्या गाईडनी शेवटचं प्रकरण किती दिवसांत वाचून परत दिलं? सहाव्या वर्षी पैसे कुठून आले? तुमच्या तुकडीतलं कोण सोडून गेलं आणि का? आजारपणात किंवा घरच्या अडचणीत विभागाने काय केलं? दोन-तीन जणांनी एकाच प्राध्यापकाचं नाव काढताच विषय बदलला, तर ते लिहून ठेवा. माझ्या अनुभवात या बोलण्यांतून जे कळतं ते कोणत्याही पत्रकात सापडत नाही. मी स्वतः त्या वेळी अशा दोन जणांशी जरी बोलले असते, तरी माझे गाईड जागा शोधत आहेत हे मला कळलं असतं. विभागात ते सगळ्यांना माहीत होतं.

१५ एप्रिल

काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावानुसार, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांची आर्थिक मदतीची ऑफर असेल तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. सही केलेल्यांची यादी काउन्सिलच्या संकेतस्थळावर असते. कुणी मार्चमध्येच घाई करत असेल, तर नम्रपणे या ठरावाचा उल्लेख करा. पण आर्थिक मदत नसलेल्या मास्टर्सच्या ऑफरला हे संरक्षण नाही, तिथे त्यांनी दिलेली तारीखच खरी. ब्रिटन आणि युरोपातल्या विद्यापीठांच्या तारखाही वेगळ्या.

या तारखेचा अर्थ ‘तोपर्यंत सगळं धरून ठेवा’ असा काढू नका. पाच ऑफर असतील आणि तीन तुम्ही घेणारच नाही हे मार्चच्या मध्यात ठरलं असेल, तर त्या तीन त्याच दिवशी सोडा. त्या जागांसाठी वेटलिस्टवर कुणीतरी झोप उडालेल्या अवस्थेत बसलेलं आहे. मी पहिल्या वर्षी त्या यादीत होते, आणि जागा मोकळी झाल्याचं मला १४ एप्रिलच्या संध्याकाळी कळलं, विचार करायला एक रात्र देऊन.

तुम्ही स्वतः वेटलिस्टवर असाल तर एप्रिलच्या सुरुवातीला एकच मेल पाठवा: अजूनही इच्छा आहे, आणि खरं असेल तरच, ऑफर आली तर मी नक्की येईन. वेटलिस्टवरच्या विभागाचंही तोलण्याचं काम आधीच करून ठेवा, कारण शेवटच्या दोन दिवसांत ते करायला वेळ मिळत नाही.

काहीच मिळालं नाही तर

काही वर्षी जागाच आटतात. बोस्टन विद्यापीठाने २०२५-२६ साठी राज्यशास्त्रासह बारा-एक पीएच.डी. अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबवले होते. त्या वर्षी तिथे कितीही चांगला अर्ज करून उपयोग नव्हता. पुन्हा अर्ज करणार असाल तर लेखनाचा नमुना बदला, आणि तोच निबंध तारीख बदलून पाठवू नका. माझा दुसऱ्या वर्षीचा अर्ज जवळपास पूर्ण नव्याने लिहिलेला होता.

होकार दिल्यावर

आय-२० साठी, म्हणजे व्हिसाकरता विद्यापीठ देतं त्या प्रमाणपत्रासाठी, कागदपत्रं लगेच पाठवा, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख त्यावर अडते. नाकारलेल्या विभागांत ज्या प्राध्यापकांनी तुमच्यासाठी वेळ काढला त्यांना स्वतंत्र, दोन ओळींचा मेल लिहा. पुढची तीस वर्षं परिषदांमध्ये तेच लोक भेटणार आहेत. आणि ज्यांनी शिफारसपत्रं लिहिली त्यांना निकाल काहीही लागला तरी त्याच दिवशी फोन करा.